दुरुस्ती पोचेपर्यंत

16 मार्च 2023 रोजी गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' या संशोधन गटाने जाहीर केलं, की सॅमसंगच्या एक्झिनॉस मोडेममध्ये 18 त्रुटी सापडल्या आहेत. त्यातल्या चार फारच गंभीर होत्या. हल्लेखोराला तुमचा मोबाइल नंबर कळला की पुरे. तुम्ही फोन उचलायची किंवा लिंक दाबायचीही गरज नव्हती. यादीत पिक्सेल 6 आणि 7 होते, गॅलक्सी एम33 आणि ए53 होते, काही गाड्यांत बसणारी चिपही होती. मी तेव्हा वाहनांच्या ट्रॅकरचं फर्मवेअर सांभाळत होतो. एका ग्राहकाने लगेच विचारलं, "आपल्या यंत्रात हा मोडेम आहे का?"

प्रश्न एका ओळीचा, पण उत्तराला वेळ लागतो. मोडेम पत्र्याच्या झाकणाखाली असतो. स्टिकरवर मोड्यूल बनवणाऱ्याचं नाव, आतली चिप मात्र दुसऱ्याच कंपनीची. त्यात चिपच्या टंचाईच्या काळात जे मोड्यूल मिळेल ते लावलेलं, त्यामुळे खरेदीच्या यादीवर डोळे मिटून विसंबता येत नाही. शेवटी प्रत्येक बॅचमधला एक बोर्ड टेबलावर घ्यायचा, सिरियल केबल जोडायची आणि 'एटी+सीजीएमआर' ही कमांड द्यायची. मोडेम स्वतःच्या फर्मवेअरची आवृत्ती सांगतो. ती निर्मात्याच्या सुरक्षा पत्रकाशी ताडून पाहायची. आमच्याकडे एक्झिनॉस नव्हता, हे असं बोर्ड बघूनच ठरलं.

त्या 18 पैकी सीव्हीई-2023-24033 ही त्रुटी समजून घेण्यासारखी आहे. 4जीवर कॉल जोडताना आवाज कोणत्या पद्धतीने पाठवायचा, हे दोन्ही बाजू एसडीपी नावाच्या मजकुरातून ठरवतात. त्या मजकुरात नमूद केलेले प्रकार मोडेम नीट तपासत नव्हता. मोडेमचा प्रोसेसर वेगळा आणि त्यावर चालणारी प्रणालीही वेगळी. फोनमधलं अँटिव्हायरस तिथे पोचतच नाही.

अशी दुरुस्ती कोडमध्ये बहुधा चार ओळींची असते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. चिप कंपनी मोड्यूल कंपनीला देते, ती आम्हाला. आम्ही आमच्या कोडसोबत बांधून डिजिटल सही करतो. सही जुळली नाही तर बूटलोडर ती फाइल उघडतच नाही. मग चाचणी. फ्लॅशमध्ये नवी आवृत्ती लिहिली जात असताना मुद्दाम वीज तोडायची, कधी सुरुवातीला, कधी अगदी शेवटच्या ब्लॉकवर. दर वेळी यंत्राने जुन्या आवृत्तीवर परत येऊन उभं राहिलंच पाहिजे. कारण मालवाहू ट्रक नागपूरच्या वाटेवर असताना ट्रॅकर बंद पडला, तर तिथे केबल घेऊन कोण जाणार? चिपमधला फ्यूज जाळून जुनी, सदोष आवृत्ती कायमची बंद करता येते. पण ते सर्वांत शेवटी, कारण जळलेला फ्यूज परत येत नाही.

दुरुस्ती पोचेपर्यंतचा काळ धोक्याचा असतो. एरवी 90 दिवसांच्या मुदतीनंतर तपशील खुला करणाऱ्या प्रोजेक्ट झीरोने त्या चार त्रुटींपुरता अपवाद केला आणि तपशील रोखून धरला. वापरणाऱ्यांना तात्पुरता उपाय सांगितला, वाय-फाय कॉलिंग आणि व्होल्टी, म्हणजे 4जीवरचे कॉल, बंद ठेवा. भारतात जिओच्या ग्राहकाला तो सल्ला कसा पाळता येणार? जिओला 2जी, 3जी नाहीच. व्होल्टी बंद म्हणजे नेहमीचा कॉलच बंद.

काही दोषांना तर दुरुस्तीच नसते. 2019 मध्ये उघड झालेली 'चेकएम8' ही त्रुटी आयफोन 4एस ते आयफोन एक्सच्या बूटरॉममध्ये आहे. तिथला कोड कारखान्यातच कोरलेला असतो, अपडेटने बदलत नाही.

म्हणून मी चिप कंपनीच्या 'दुरुस्ती उपलब्ध' या घोषणेला अर्धंच काम मानतो. उरलेलं अर्धं तुमच्या हातात आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. तिथे महिन्याची 1 तारीख असेल तर मुख्यतः अँड्रॉइडच्या स्वतःच्या दुरुस्त्या आल्या आहेत. 5 असेल तर कर्नल आणि चिप कंपन्यांच्याही. तारीख वर्षभर जुनी असेल, तर त्या फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवू नका. आणि नवा फोन घेताना कॅमेऱ्याआधी विचारा, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार?