मशीन अडलं, आता काय दाबू?

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. ओटा पुसून मी दिवा मालवणार, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी धावतच खाली आल्या. हातात त्यांच्या ह्यांचं पार्सलवाटपाचं मशीन. "ताई, यातलं सगळं पुसलं गेलं हो! आता काय करायचं?"

झालं होतं असं. भावजी एका पार्सल कंपनीत कामाला. विरार पश्चिमेपासून अर्नाळ्यापर्यंत त्यांची रोजची फेरी. संध्याकाळी घरी येता येता मशीन अडलं. पडद्यावर बोट लावलं तरी काही हलेना. घरात नववीतला भाचा आलेला. पोरगा हुशार. त्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं, दोन-तीन बटणं एकदम दाबली, समोर आलेल्या इंग्रजी यादीतली एक ओळ निवडली आणि मशीन सुरू झालं. सगळ्यांना हायसं वाटलं. मग मशीनने विचारलं, "भाषा निवडा."

भाषा निवडा! म्हणजे सकाळपासूनचं काहीच त्याच्या लक्षात नव्हतं. अर्नाळ्याकडे दुपारपासून रेंज नव्हती, त्यामुळे अकरा पार्सलांच्या नोंदी कंपनीकडे गेल्याच नव्हत्या. त्या मशीनमध्येच होत्या आणि तिथूनच पुसल्या गेल्या. पिशवीत रोकड होती, पण कुणाकडून किती आली याचा पत्ता नाही. रात्री बारापर्यंत दोघं नवरा-बायको आठवून आठवून कागदावर मांडत बसली. दोन पार्सलांचा हिशेब शेवटपर्यंत जुळला नाही. ते पैसे भावजींनी खिशातून भरले. वहिनींनी गौरीच्या साडीसाठी डब्यात ठेवले होते, तेच.

खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही काही सांगता आलं नाही. म्हणूनच मग मी हा विषय मनावर घेतला. मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचल्या, जाणकारांना विचारलं, आणि जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

तुम्ही म्हणाल, मशीन ह्यांचं, कंपनी त्यांची, आपण कशाला त्यात डोकं घालायचं? पण मैत्रिणींनो, ते रात्री चार्जिंगला लागतं ते आपल्याच घरात, बहुधा मिक्सरच्या शेजारी. आणि आता ते नुसतं 'ह्यांचं' तरी कुठे राहिलंय? वसई पूर्वेच्या आणि चिंचोटी-कामण रस्त्यावरून भिवंडीकडे जाणाऱ्या पट्ट्यातल्या गोदामांत कितीतरी जणी दिवसभर हातात स्कॅनर धरून उभ्या असतात. कुणी बँकेच्या वतीने घरोघरी पैसे देण्या-घेण्याचं मशीन घेऊन फिरते, कुणाच्या ब्लाउजच्या दुकानात कार्ड घासायचं मशीन असतं. एसटीतल्या आपल्या कंडक्टर ताईंच्या गळ्यातही तिकिटाचं मशीनच असतं.

एसटीवरून आठवलं. १ जून १९४८ ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एसटी सुटली. त्यानंतर कित्येक वर्षं तिकिटं मिळायची ती पत्र्याच्या ट्रेमधून. रंगीत कागदाचे गठ्ठे आणि कंडक्टरच्या चिमट्याची ती टिकटिक तुम्हालाही आठवत असेल. पुढे मशीन आलं, आता तर मोबाइलने पैसे घेणारंही आलं. पण मशीन बंद पडलं की कागदी तिकिटं बाहेर निघतातच. त्या ट्रेचा एक गुण होता. तो हातातून पडला तर तिकिटं विस्कटायची, पण हिशेब पुसला जात नसे. हे मशीन पडलं तर फुटत नाही, पण चुकीचं बटण दाबलं की हिशेब जातो.

रुसवा आणि पाटी पुसणं

ही मशीनं म्हणजे खरं तर छोटे संगणकच. आपला मोबाइल काचेचा पेला मानला, तर हा स्टीलचा डबा. चार-पाच फुटांवरून फरशीवर पडला तरी चालावा अशा बेताने बनवलेला. तरी आतलं डोकं संगणकाचंच, आणि संगणक अधूनमधून अडणारच. तो अडला की सगळे एकच शब्द उच्चारतात, "रीसेट मार." घोटाळा होतो तो याच शब्दाने, कारण रीसेटचे निदान तीन प्रकार आहेत.

पहिला अगदी साधा. चालू-बंद करण्याचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, पडद्यावर 'रीस्टार्ट' येतं, ते निवडायचं. झोपलेल्याला हलवून उठवावं, तसं. साठवलेलं सगळं जागेवर राहतं, फार तर अर्धवट भरलेली एखादी नोंद जाते. बहुतेक रुसवे इथेच मिटतात.

दुसरा प्रकार पडदाच दाद देत नसेल तेव्हाचा. त्यात ठरावीक दोन-तीन बटणं एकदम दाबून धरतात. झेब्रा कंपनीच्या टीसी५१ या मशीनवर चालू-बंदचं, आवाज वाढवायचं आणि बाजूचं बोलायचं अशी तीन बटणं निदान चार सेकंद धरावी लागतात. दुसऱ्या मशीनवर दुसरी बटणं, म्हणून ज्याची त्याची पुस्तिका पाहायची. या प्रकाराला पुस्तिकेत 'हार्ड रीसेट' म्हटलंय. साठवलेलं यात जात नाही, पण न साठवलेलं सगळं जातं. आत मेमरी कार्ड असेल तर तेही बिघडू शकतं, अशी सूचना तिथे स्पष्ट छापलेली आहे.

तिसरा तो 'फॅक्टरी रीसेट'. म्हणजे ओल्या फडक्याने पाटी पुसणं. नोंदी, कंपनीने घातलेले कार्यक्रम, जोडण्या, सगळं जातं. कामाच्या काही मशीनांत याच्या अलीकडची आणखी एक पायरी असते, 'एंटरप्राइज रीसेट'. तिच्यात कंपनीने एका राखीव कप्प्यात ठेवलेलं तेवढं वाचतं. तुमच्या दिवसभराच्या नोंदी मात्र वाचतीलच असं नाही.

आता गंमत बघा. स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'हार्ड रीसेट' म्हणतात ते या तिसऱ्याला! एकाच नावाच्या दोन गोष्टी, एकीत मशीन नुसतं जागं होतं आणि दुसरीत त्याची स्मृतीच जाते. वहिनींच्या भाच्याने मोबाइलवर जे पाहिलं ते यांतलंच. त्याला तरी काय बोलायचं? म्हणून फोनवर कुणी "हार्ड रीसेट कर" म्हणालं, तर न लाजता विचारा, "नुसतं उठवायचं, की पुसायचं?" समोरचा हसला तर हसू दे.

शिवाय पुसल्यावर मशीन लगेच कामाला लागतं असंही नाही. २०१५ पासूनच्या अँड्रॉइडमध्ये चोरीविरुद्ध एक कुलूप आहे. बटणं दाबून मशीन पुसलं, तर सुरू होताना ते आधीचं खातं आणि त्याचा पासवर्ड मागतं. तो कंपनीच्या कचेरीत. म्हणजे रविवारी रात्री पुसलेलं मशीन सोमवारी सकाळी नुसता ठोकळा.

मग दाबण्याआधी काय पाहायचं? सर्वांत आधी, न पाठवलेल्या नोंदी किती उरल्यात ते. बहुतेक मशीनांत 'पेंडिंग' किंवा 'अपलोड' असं लिहून पुढे आकडा असतो. तो शून्य नसेल आणि मशीन जरासं जरी चालत असेल, तर आधी गच्चीवर जा, रेंज धरा, नोंदी जाऊ द्या. पडदा गोठलेला असला तरी त्यावर जे दिसतंय त्याचा आपल्या मोबाइलने फोटो काढून ठेवा. पुष्कळदा तेवढ्याने हिशेब वाचतो. मात्र कार्डाचे किंवा आधारचे आकडे दिसत असतील तर तो फोटो कुणाला पाठवू नका. मग मशीन थोडं चार्ज होऊ द्या, कारण रीसेट चालू असताना बॅटरीने मान टाकली तर नवीनच आजार. आणि पुसायची वेळ आलीच, तर ती कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय नाही. पुसल्यावर त्यातून जे गेलं त्याची भरपाई कुणाच्या पगारातून होते ते वर सांगितलंच आहे.

बॅटरी खटकन काढून पुन्हा बसवणं हा आणखी एक लाडका उपाय. तो टाळा. मशीन आधी नीट बंद करा. काही मशीनांत तर बॅटरी बदलण्यासाठी 'बॅटरी स्वॅप' अशी वेगळी सोय असते, ती निवडूनच बॅटरी काढायची.

वहिनींनी त्या प्रसंगानंतर एक दोन रुपयांची युक्ती काढली. भावजींच्या पिशवीत आता छोटी वही असते. रोकड घेतली की पार्सलचे शेवटचे चार आकडे आणि रक्कम. पहिले आठ दिवस भावजींनी कुरकुर केली. आता स्वतःच विचारतात, "माझी वही कुठाय?"

कार्डाच्या मशीनचा स्क्रू

तुमच्या दुकानात कार्ड घासायचं मशीन असेल तर त्याचा नियम आणखी कडक. त्याचं पाठीमागचं आवरण कधी उघडू नका, आणि सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनलाही उघडू देऊ नका. गिऱ्हाइकांचे गुप्त आकडे चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यात अशी योजना असते, की कुणी आवरण उघडलं की मशीन आतल्या गुप्त किल्ल्या आपणहून पुसून टाकतं आणि बंद होतं. मग ते देणाऱ्या कंपनीशिवाय कुणाच्याच कामाचं राहत नाही. कागदाची गुंडाळी बदलायचं झाकण तेवढं आपलं, स्क्रू आपले नव्हेत.

"मशीन रीसेट करायचंय, आलेला ओटीपी सांगा," असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रीसेटला ओटीपी देण्याची गरज नसते. पैसे गेलेच तर क्षणही न दवडता १९३० वर कळवा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी क्रमांक आहे.

पाऊस, खारा वारा आणि बॅटरी

मशीनच्या मागच्या पट्टीवर 'आयपी ६५' किंवा 'आयपी ६७' असं काही छापलेलं असतं. पहिला ६ धुळीचा, म्हणजे आत धूळ शिरत नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ५ असेल तर पाण्याचा फवारा सोसतं, ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. पण ही परीक्षा नव्या मशीनची आणि साध्या पाण्यातली. दोनदा आपटलेल्या, रबराचं झाकण निघालेल्या मशीनला ती लागू नाही. आणि आपल्याकडचं पाणी साधं कुठे असतं? २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या होत्या, घराघरांत पाणी आणि अंधार होता. ते गटाराचं, खाडीचं पाणी. अशा पाण्यात मशीन पडलं तर बंद करा, बॅटरी काढा, कोरड्या फडक्याने टिपा आणि कंपनीला द्या. तांदळाच्या डब्यात खुपसू नका. तांदळाची भुकटी भोकांत जाते आणि पाणी आहे तिथेच राहतं. केस वाळवायचं यंत्रही नको. सुकल्यासारखं दिसलं म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

किनाऱ्याकडच्या मैत्रिणींना खाऱ्या वाऱ्याचं काय ते सांगायला नको, खिडकीच्या गजांवर तो रोज दिसतो. मशीनच्या चार्जिंगच्या पितळी टिकल्यांवरही तसाच हिरवट-पांढरा थर धरतो, आणि मग "रात्रभर लावलं तरी चार्ज होत नाही" अशी तक्रार येते. उपाय सोपा आहे. मशीन बंद करून स्टँड भिंतीतल्या प्लगमधून काढायचा, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जेमतेम भिजवून टिकल्या पुसायच्या, पूर्ण सुकू द्यायच्या. सेफ्टी पिनने खरवडायचं नाही. पडद्याला जुन्या मलमलीचं किंचित ओलं फडकं पुरे. फिनाइल, ब्लीचिंग, थिनर आणि नेलपॉलिश काढायचं पाणी हे चौघे दूरच ठेवा, प्लॅस्टिकला तडे जातात. स्कॅनरचा लाल किरण मुलं खेळ म्हणून एकमेकांच्या डोळ्यांवर मारतात, तेही बघा.

चार्जिंग मशीनच्याच स्टँडवर करा. फरशीवर किंवा ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात चालेल, गादीवर, उशीखाली किंवा देवघराच्या पडद्याजवळ नको. साधारण ० ते ४० अंशांच्या बाहेर या बॅटऱ्या चार्ज करू नयेत. वैशाखातल्या उन्हात टेम्पोच्या काचेखाली तापलेलं मशीन आल्या आल्या चार्जिंगला लावलं आणि ते चार्ज झालं नाही, तर ते बिघडलेलं नसतं, शहाणं असतं. तासभर पंख्याखाली राहू द्या. वीज गेली की प्लग काढून ठेवा, परत येताना ती झटक्याने येते.

एक गोष्ट मात्र रोज बघायची. बॅटरीचं झाकण नीट बसत नसेल, मशीन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल किंवा बॅटरीचं पोट फुगल्यासारखं दिसत असेल, तर त्या क्षणी चार्जिंग बंद. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नका, टोचू नका, "अजून दोन दिवस चालेल" म्हणू नका. मशीन बंद करून कपडे, कागद, गॅस यांपासून लांब, फरशीवर सावलीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कंपनीला परत करा. धूर किंवा गोडसर उग्र वास आला तर मशीन वाचवायला जाऊ नका. मुलांना घेऊन बाहेर पडा, जमलं तर मेन स्विच बंद करा आणि १०१ ला फोन करा.

अशी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, सुक्या कचऱ्यात टाकली तरी गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी बनवणाऱ्यांवरच टाकली आहे. भावजींच्या कचेरीत आधी "ठेवा तिथेच कुठेतरी" असं उत्तर मिळालं. वहिनींनी सांगून पाठवलं, "परत घेतल्याची सही घेऊनच या." दुसऱ्या दिवशी सही आली आणि नवी बॅटरीही.