जादा टाकीचं गणित

पारनेर तालुक्यातल्या सुपा एमआयडीसीतून जेएनपीटी बंदराकडे निघालेला कंटेनर ट्रेलर शिक्रापूर, चाकण, तळेगाव करत घाट उतरतो आणि माल उतरवून परत येतो. जाऊन-येऊन साधारण चारशे किलोमीटर. भरलेला ट्रेलर लिटरला तीन-सव्वातीन किलोमीटरचा ॲव्हरेज देतो, रिकामा परतला तर साडेचारच्या आसपास. म्हणजे एका फेरीला शंभर-सव्वाशे लिटर डिझेल लागतं. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला रस्त्यावरची माणसं घोडा म्हणतात, आणि या घोड्याला कंपनीकडूनच येणारी टाकी असते बहुधा 300 ते 400 लिटरची. एकदा टाकी फुल केली की सुपा ते बंदर अशा अडीच-तीन फेऱ्या निघतात. तरीसुद्धा चेसिसच्या मोकळ्या बाजूला आणखी एक टाकी बसवून घ्यावी असं ज्या मालकांना वाटतं, त्यांना काही अंतराची चिंता नसते. चिंता असते ती स्वस्त डिझेलची, बंद पंपाची, आणि मोकळं बोलायचं तर ड्रायव्हरवर न बसणाऱ्या विश्वासाची. या तिन्ही चिंता खऱ्या आहेत. पण त्यांवर जादा टाकी हा महागडा आणि धोक्याचा उपाय आहे, आणि बहुतेक गाड्यांना तो लागत नाही, असं माझं म्हणणं आहे.

सुपा ते बंदर ही जवळची वाट झाली, लांब पल्ल्याचं काय, हा पहिला प्रश्न. तर चेन्नई घेऊ. आपल्या भागातून ते बाराशे किलोमीटरच्या आसपास. पूर्ण भरलेल्या ट्रेलरला तिथवर पावणेचारशे लिटर डिझेल लागेल, म्हणजे जवळजवळ एक टाकी. वाटेत एकदा पंपावर थांबावं लागेल इतकंच. आणि थांबणं तर तसंही भाग आहे, कारण टाकीच्या आधी माणूस संपतो. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 सालचा आहे. त्यानुसार ड्रायव्हरचं काम दिवसाला आठ तासांचं, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती त्याचा हक्क आहे. हा कायदा रस्त्यावर किती पाळला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण शरीराचा नियम कागदावर नसला तरी लागू असतोच. दिवसाला साडेतीनशे-चारशे किलोमीटर धरले तर कंपनीची टाकी तीन दिवस पुरते. तीन दिवसांत ज्या गाडीला पंप लागला नाही, त्या गाडीच्या ड्रायव्हरला जेवणही मिळालं नसणार. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, तेव्हा वाटेत सोयी कमी असल्याची तक्रार रास्त होती. पण तो पूर्ण टप्पा न थांबता काढायचा म्हटलं तरी भरलेल्या ट्रेलरला 160-170 लिटर पुरतात. अर्धी टाकी.

आता वजन बघू, कारण खरी किंमत तिथे मोजावी लागते. डिझेल लिटरला सव्वाआठशे ते साडेआठशे ग्रॅम भरतं. चारशे लिटर म्हणजे सव्वातीनशे किलोच्या वर. पत्र्याची टाकी, तिला धरून ठेवणाऱ्या कमानी, पट्टे, पाइप मिळून आकडा चारशे किलोपर्यंत जातो. जुलै 2018 मध्ये केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका एक्सलला 10.2 टनांऐवजी 11.5 टन, जोड एक्सलला 19 ऐवजी 21 टन, आणि घोडा-ट्रेलर मिळून कमाल 55 टन. ही वाढ मिळाल्यावर चारशे किलोंचं काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. पण काट्यावर गाडी चढते तेव्हा डिझेल आणि माल यांत फरक केला जात नाही. पोलाद, सिमेंट, कांदा असा टनावर भाडं मिळणारा माल असेल, तर डिझेलचा प्रत्येक किलो मालातून वजा होतो. टनाला 1,500 रुपये भाडं धरलं तर चारशे किलोंमागे फेरीला 600 रुपये गेले. आणि वजा न करता तसंच भरलं तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने ओव्हरलोडचा मूळ दंडच 20,000 रुपये ठेवला आहे, वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. हलक्या मालाच्या कंटेनरला हा हिशेब लागू होत नाही, हे मान्य. तिथे वजन शिल्लक असतं. पण तिथेही प्रत्येक घाटात ते चारशे किलो चढवायला डिझेलच जळतं.

टाकी बसवण्याचं काम बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही. आजच्या इंजिनात पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं, गरम झालेलं डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परत सोडतो. दुसऱ्या टाकीतून डिझेल ओढलं जातंय आणि रिटर्न मात्र पहिलीतच पडतोय अशी जोडणी झाली, तर पहिली भरून वाहायला लागते आणि दुसरी वेळेआधी कोरडी पडते. दोन्ही टाक्या तळाशी पाइपने जोडल्या तर पातळी सारखी राहते खरी, पण तो पाइप चेसिसखाली लोंबतो आणि गाडीतला सगळ्यात खालचा, सगळ्यात उघडा भाग ठरतो. एखादा दगड किंवा तुटका गतिरोधक लागला की दोन्ही टाक्यांतलं डिझेल रस्त्यावर. टाकीच्या आत आडव्या पट्ट्या नसतील तर अर्धी भरलेली टाकी वळणावर आणि ब्रेकवर आतल्या आत हेलकावते. दीड-पावणेदोन क्विंटल द्रवाचा तो धक्का रोज कमानीच्या वेल्डिंगवर बसतो, आणि माळशेज घाटासारख्या रस्त्यावर तो दिवसाला कितीदा बसत असेल याचा अंदाज करावा. त्यातून टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची असेल तर जस्त आणि डिझेल यांचं जमत नाही. डिझेलमध्ये साका धरतो, फिल्टर चोंदतात, आणि बीएस-6 इंजिनाचे इंजेक्टर इतके बारीक असतात की गंजाचा कणही त्यांना पुरतो. एक इंजेक्टर बदलायचा खर्च विचारून बघावा, मग टाकीवर वाचवलेले पैसे किती होते ते आठवावं. शिवाय एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांत चेसिसची बाजू आता मोकळी राहिलेलीच नाही. हवेच्या टाक्या, बॅटऱ्या, युरियाची टाकी आणि धूर साफ करणारा तो तापलेला डबा, सगळं तिथेच असतं. उरलेल्या फटीत नवी टाकी घुसवायची म्हणजे बहुधा सायलेन्सरच्या शेजारी.

इथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, की पेट्रोल पेटतं, डिझेल काही पेटत नाही. हा समज घातक आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या डिझेलला ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ धरण्यासाठी किमान 35 अंश तापमान लागलं पाहिजे, असं मानक आहे. किमान 35. एप्रिल-मेमध्ये पारनेरच्या पठारावर उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी टाकीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. शांत उभ्या टाकीला त्याने काही होत नाही. टाकी फुटून डिझेल तापलेल्या भागावर उडालं आणि धातू रस्त्यावर घासून ठिणगी पडली, की होतं. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस खांबाला आणि दुभाजकाला धडकून उलटली, डिझेल पेटलं आणि 25 माणसं होरपळून गेली. त्या बसला जादा टाकी नव्हती. पण टाकी कुठे आहे, ती धक्क्यात कशी वागते आणि तिच्यात किती डिझेल आहे, यावर किती जीव अवलंबून असतात ते त्या पहाटे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. कंपनीच्या टाकीची जागा, जाडी, झाकणातून हवा जाण्याची सोय या सगळ्यांमागे चाचण्या असतात. रस्त्याकडेच्या वर्कशॉपमधला वेल्डर कितीही हुशार कारागीर असला, तरी धडकेची चाचणी त्याला घेता येत नाही.

कायद्याचं म्हणणंही मालकांनी नीट वाचावं. गाडीचाच भाग असलेल्या टाकीतल्या इंधनासाठी 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे जादा टाकी म्हणजे साठेबाजी असं नाही. प्रश्न येतो तो मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचा. आरसी बुकातल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते सांगतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात ते काटेकोरपणे लावलं. आरसीवर टाकीचं माप छापलेलं नसतं म्हणून सुटलो, असं समजू नये. रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं असतं, आणि नवी टाकी ते बदलते. नियमबाह्य फेरफाराला 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दंडाहून मोठी गोष्ट विम्याची. न कळवलेला बदल सापडला की दावा अडवायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि जळालेल्या गाडीचं कर्ज मात्र मालकाच्या डोक्यावर राहतं.

आता स्वस्त डिझेलकडे येऊ, कारण सगळ्यात ठाम आक्षेप तोच आहे. दर राज्याचा कर वेगळा, म्हणून सीमेपलीकडच्या पंपावर दोन्ही टाक्या फुल करून यायचं. लिटरला दोन रुपयांचा फरक धरला तर चारशे लिटरमागे 800 रुपये सुटतात. पण हेच गणित कंपनीच्या टाकीलाही लागू आहे. सीमेवर तीच फुल करा, बचतीचा मोठा वाटा तिथेच मिळतो. जादा टाकीने मिळते ती त्यावरची भर, आणि तिच्यातून वजनाचे, टाकीच्या किमतीचे, चोरीच्या जोखमीचे पैसे वजा करायचे. रात्री ढाब्यावर उभ्या गाडीतून डिझेल काढणाऱ्यांना आठशे लिटरची गाडी चारशेच्या गाडीपेक्षा जास्त आवडणार हे उघड आहे. कर तर एका अर्थसंकल्पात बदलतात. महाराष्ट्रानेच 2024 मध्ये मुंबई-ठाणे भागातला डिझेलवरचा कर 24 टक्क्यांवरून 21 वर आणला. अशा फरकाच्या भरवशावर लोखंड वेल्ड करून ठेवणं शहाणपणाचं नाही.

दुसरा आक्षेप टंचाईचा. 1 आणि 2 जानेवारी 2024 ला टँकरचालक संपावर गेले, मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. त्या दोन दिवसांची आठवण देऊन जादा टाकीचं समर्थन केलं जातं. पण तो संप ट्रकचालकांचाच होता. हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध चाकं थांबली होती, आणि थांबलेल्या गाडीत आठशे लिटर असले काय नि शंभर असले काय. दोन-चार दिवसांच्या टंचाईला साधी शिस्त पुरते, काटा अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही. विश्वासाच्या प्रश्नावर तर टाकी हा इलाजच नाही. मालक आपल्या ओळखीच्या पंपावर सगळं डिझेल भरून देतो, म्हणजे वाटेत खोटी बिलं नकोत, हा हेतू समजू शकतो. तेल कंपन्यांची फ्लीट कार्डं ते काम करतात, कुठल्या पंपावर किती लिटर कधी भरलं ते मालकाच्या मोबाइलवर येतं. टाकी टू टाकी ॲव्हरेज काढून ड्रायव्हरला बचतीत वाटा दिला तर ते कार्ड आणखी चांगलं चालतं.

मग जादा टाकी कुणालाच नको का? तसं नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे तीन-चार ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना दोन पंपांमध्ये शेकडो किलोमीटर ओसाड रस्ता असतो, अमेरिकेतल्या मोठ्या घोड्यांना दोन्ही बाजूंना टाक्या कंपनीच लावते. तिथले लोक पिकअपमागे राहण्याचा ट्रेलर जोडून फिरतात, आणि हौद्यात साडेचारशे लिटरपर्यंतची टाकी बसवतात. पण तिथेही जाणते सांगतात की ट्रेलरच्या तोंडाचं वजन आणि टाकीचं वजन दोन्ही मागच्याच एक्सलवर येतं, तेव्हा आधी काट्यावर जा. आपल्याकडेही खरोखर लांबचा, कमी पंपांचा रस्ता नेहमीचा असेल तर गाडी घेतानाच मोठी टाकी मागावी. ती गाडीच्या मूळ तपशिलात येते, वजनात धरली जाते आणि विम्यातही.

या सगळ्यात मला खरी काळजी वाटते ती ट्रॅक्टरची. निघोज, जवळा, अळकुटी या कुकडी कालव्याच्या पट्ट्यातला ऊस दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे निघतो. ट्रॅक्टरची टाकी 50 ते 70 लिटरची, भरल्या ओझ्याला तासाला पाच-सहा लिटर जाळणारी. पल्ला चाळीस किलोमीटरचा असला तरी जाणं-येणं एका टाकीत बसतं, पण रात्री गावातला पंप बंद असतो आणि गव्हाणीपुढे रांग किती लांबेल ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मडगार्डला प्लास्टिकचा कॅन बांधलेला दिसतो आणि नळी तोंडाने ओढून, कधी इंजिन चालू ठेवूनच, टाकी भरली जाते. इथे गरज खरी आहे, उपाय मात्र या लेखातला सगळ्यात वाईट. मार्च 2018 मध्ये इंडियन ऑइलने पुण्यात गाडीवरून डिझेल पोहोचवायला सुरुवात केली, तेव्हापासून ही सोय शक्य आहे हे सिद्ध झालेलं आहे. हंगामाच्या चार-पाच महिन्यांत कारखान्याच्या गाडीतळावर रात्रभर मोजून डिझेल देणारी अशी एक गाडी उभी करणं आणि पैसे वाहतुकीच्या बिलातून वळते करणं कारखान्यांना जड नाही. गाळप सुरू होण्याआधी ऊस वाहतूकदारांनी करारावर सही करताना ही अट घालावी.