मोठा पोर्ट म्हणजे जास्त हवा?

जे उघड दिसतं ते खरंच असतं का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज त्याचं गॅरेजमधलं एक उदाहरण घेऊ. विशी-बाविशीत असताना मी एका मित्राच्या जुन्या इंग्लिश मोटरसायकलचं सिलिंडर हेड कानशीने घासून वाया घालवलं. आमचा तर्क सरळ होता: वाट रुंद केली की हवा जास्त, हवा जास्त की ताकद जास्त. गाडी सुरू झाली, पण आधीपेक्षा मंद.

चुकलं कुठे? त्यासाठी नॉर्टन मँक्स बघा. ही इंग्लंडची रेसिंग गाडी, ५०० सीसीचं एकच सिलिंडर. ७,००० आरपीएम धरले, तर हे फोर-स्ट्रोक इंजिन सेकंदाला सुमारे ५८ वेळा श्वास घेतं. इनलेट व्हॉल्व्ह क्रँकचे ३०० अंश उघडा राहतो असं मानलं, तरी एका श्वासाला मिळतात जेमतेम सात मिलिसेकंद.

हे जमतं, कारण हवेलाही वजन असतं. पिस्टन तळाशी जाऊन पुन्हा वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. लोकलच्या दारात पुढचा थांबला तरी मागचे रेटत राहतात ना, तशी वेगात आलेली हवा आत शिरत राहते. आता पोर्टचा व्यास १० टक्के वाढवा. क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, आणि तेवढ्याच हवेचा वेग सुमारे १७ टक्के घटतो. रेटा अवलंबून असतो वेगाच्या वर्गावर, त्यामुळे तो जवळपास एक तृतीयांश गेला! कमी आरपीएमला तर हवा उलटी कार्बोरेटरकडे ढकलली जाते, आणि वळणातून बाहेर पडताना गाडी गुदमरते.

मग खरा अडथळा कुठे असतो? बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या आसपासच. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतका उचलला, की त्याच्या कडेची फट आणि व्हॉल्व्हचं वर्तुळ यांचं क्षेत्रफळ सारखं होतं. त्याआधी फट अडवते, नंतर सीटखालचा गळा. दुसरी जागा म्हणजे पोर्टच्या वळणाची आतली बाजू. तिथे वळण तीव्र असेल तर हवा भिंत सोडते आणि भोवरे होतात. तिथली गोलाई आणि ४५ अंशांच्या सीटच्या वर-खाली दिलेले जादा कोन, यांनी मिळणारा फायदा सगळा पोर्ट चकचकीत करून मिळत नाही.

नॉर्टनच्या लोकांनीही नुसती भोकं मोठी केली नाहीत. जो क्रेग यांच्या हाताखाली लिओ कुझमिकी या पोलिश इंजिनिअरने ज्वलन आणि हवेचा प्रवाह यांचा एकत्र विचार केला. १९५४ च्या मँक्समध्ये ७९.६ × १०० मिमीऐवजी ८६ × ८५.६ मिमी अशी मापं आली. बोअर रुंद झाल्यावर मोठ्या व्हॉल्व्हला जागा मिळते. म्हणजे बदल सबंध इंजिनात होता.

आज जुनं हेड हाती असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी फ्लो बेंचवर मोजा. ठरावीक दाबाला, व्हॉल्व्ह थोडा थोडा उचलत, किती हवा जाते ते लिहून ठेवा. मग घासण्याऐवजी पोर्टच्या तळाला मळलेली माती लावून आकार बदला आणि पुन्हा मोजा. कधी कधी पोर्ट लहान करूनही प्रवाह वाढतो! खात्री पटली की मगच हत्यार उचला. आणि बेंचवरची हवा सलग वाहते, इंजिनातली ठोक्याठोक्याने, हे विसरू नका. बेंच साक्ष देतो, निकाल ट्रॅकवर लागतो.

एवढी सावधगिरी का? कारण मातीचा लेप काढून टाकता येतो. घासलेलं ॲल्युमिनियम परत बसवता येत नाही. भिंत पातळ झाली तर हेड फुटतं, आणि अशी हेडं आता फार थोडी उरली आहेत. माझ्या मित्राने मला माफ केलं. त्या हेडचं मात्र पुढे काहीच करता आलं नाही.