जुन्या गेमचा मालक कोण? नकाराचा हक्क आणि सांभाळण्याची जबाबदारी

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण मालमत्ता म्हणजे काय, याचा विचार केला होता. ते संपल्यावर इथल्याच, आखाडा बाळापूरच्या एका विद्यार्थ्यानं आम्हाला दारात गाठलं. म्हणाला, "सर, लहानपणी खेळलेला एक गेम आता कुठंच मिळत नाही. तो मी कॉम्प्युटरवर नव्यानं बनवतोय. कुणाकडून पैसे घेणार नाही. तरी ही चोरी होते का?" आमचा खेळाशी संबंध विटीदांडू आणि सापशिडीपुरता. पण प्रश्न खेळाचा नव्हता, मालकीचा होता. म्हणून आजचं व्याख्यान त्याच्या प्रश्नावर.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीनं १९९१ मध्ये 'मेट्रॉइड २' नावाचा गेम काढला. तो हातात धरून खेळायच्या 'गेम बॉय' यंत्रासाठी होता. पडदा एवढासा, रंग नाहीत. अर्जेंटिनातला मिल्टन गुआस्टी हा त्याचा चाहता. फावल्या वेळात जवळपास दहा वर्षं खपून त्यानं तो गेम नव्यानं घडवला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये सगळ्यांना फुकट दिला. थोड्याच दिवसांत कंपनीनं आपला हक्क सांगितला आणि डाउनलोड बंद झाले. पुढच्याच वर्षी कंपनीनं त्याच गेमची स्वतःची नवी आवृत्ती बाजारात आणली.

हे ऐकलं की आपलं मन लगेच चाहत्याच्या बाजूनं झुकतं. झुकू द्या, पण न्यायनिवाडा त्यावर करता येत नाही. आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम 'साहित्यकृती'च्या व्याख्येत बसतो. म्हणजे कायद्याच्या कपाटात कादंबरी आणि प्रोग्रॅम एकाच फळीवर! प्रकाशित साहित्यकृतीवरचा हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं चालतो. पूर्वी ही ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवली गेली. गेममधली चित्रं आणि संगीत यांवरचे हक्क आणखी वेगळे. आणि 'मी फुकट देतोय' एवढ्यानं सुटका होत नाही. शेजाऱ्याची गाय सोडून आणली आणि दूध गावात फुकट वाटलं, तरी गाय शेजाऱ्याचीच.

पण कायदा सगळंच मालकाला देत नाही. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी 'स्क्रॅबल' हा शब्दांचा खेळ 'स्क्रॅब्युलस' नावानं इंटरनेटवर आणला. फेसबुकवर तो भलताच गाजला. मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश दिला. खेळाचा पट आणि नियम यांवरचा कॉपीराइटचा दावा मान्य झाला नाही. मात्र 'स्क्रॅबल'शी जुळणारं नाव वापरायला मनाई झाली. भावांनी खेळ 'लेक्स्युलस' या नव्या नावानं चालू ठेवला. यातून काय कळतं? खेळण्याची रीत ही कल्पना आहे, ती कुणाच्या एकट्याची नाही. आपल्याकडच्या मोक्षपटातून सापशिडी झाली, तीही रीत पुढे गेली म्हणूनच. पण ती रीत ज्या चित्रांत, पात्रांत, नावांत उतरली, ते धन मालकाचं.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. जॉन लॉकनं १६८९ मध्ये मांडलं की, जी वस्तू कुणाची नाही, तिच्यात माणसानं आपले श्रम मिसळले की ती त्याची होते. चाहते नेमकं हेच म्हणतात: 'दहा वर्षं घाम गाळला, मग काहीच आमचं नाही?' पण लॉकचं वाक्य नीट ऐका. जी वस्तू *कुणाची नाही*. उद्या कुणी आपल्या रानात न विचारता हळद लावली, नऊ महिने राबला आणि म्हणाला की रान माझं, तर आपण मान्य करू का? बटईनं करायचं असेल तर आधी बोलणी होतात. म्हणजे निव्वळ श्रमानं चाहत्याला मालकी मिळत नाही. हे त्या विद्यार्थ्याला कडू लागेल, पण खरं आहे.

पण लॉकनं मालकालाही एक अट घातली होती, तिचा आपल्याला विसर पडतो. वापरता येईल तेवढंच घ्यावं; घेऊन नासू देणं हा इतरांच्या वाट्यावर घाला आहे. जुने गेम नासतात, बरं का. यंत्रं बंद पडतात, कॅसेटमधली बॅटरी संपते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथं निघालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के आज बाजारात विकत मिळतच नाहीत. हे झालं पडीत रान. मालक स्वतः पेरत नाही आणि दुसऱ्याला बांधावर पाय ठेवू देत नाही.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. तिला स्वतः नवी आवृत्ती काढायची असू शकते. नाव कुणीही वापरू लागलं तर ट्रेडमार्क दुबळा होतो. एकाला सोडलं तर दुसऱ्याला कसं अडवायचं? ही कारणं खोटी नाहीत. पण ती 'कसं द्यावं' याबद्दलची कारणं आहेत, 'कधीच देऊ नये' याबद्दलची नाहीत.

आपल्या कायद्यालाही ही अडचण थोडी दिसली होती. कलम ३१ असं सांगतं की, मालकानं पुनर्प्रकाशनाला नकार दिल्यामुळे कृती लोकांपासून दूर राहत असेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. हे कलम जुनी कृती पुन्हा उपलब्ध होण्यापुरतं आहे, नवी घडवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. पण मालकीला जबाबदारी चिकटलेली असते, हे तत्त्व त्यात आहे.

मग वाट कोणती? ती आम्हाला आपल्या मराठी रंगभूमीवर दिसते. नाटकाचं कोणतंही छापील पुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवरच सूचना असते: प्रयोगाआधी लेखकाची परवानगी घ्या, मानधन पाठवा. खाली पत्ता. गणेशोत्सवात गावोगावच्या हौशी मंडळींनी अशीच पत्रं लिहून नाटकं बसवली. काही प्रयोग बेताचे झाले, पण नाटककाराचं नाव गावात पोचलं आणि मानही राहिला. मालकी शाबूत, आणि दारही उघडं.

गेमच्या जगातही हे घडलं आहे. 'हाफ-लाइफ' हा व्हॉल्व्ह कंपनीचा १९९८ चा गेम. चाहत्यांनी तो 'ब्लॅक मेसा' नावानं नव्यानं घडवायला घेतला. कंपनीनं अडवलं तर नाहीच, पुढे तो विकायचीही परवानगी दिली. २०२० मध्ये तो पूर्ण झाला. सेगा कंपनीनं तर सॉनिकचे गेम हौसेनं घडवणाऱ्या ख्रिश्चन व्हाइटहेडलाच बोलावून 'सॉनिक मॅनिया' करून घेतला, तो २०१७ मध्ये आला. दोन्ही कंपन्यांचं काही बुडालं नाही.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आमचं उत्तर असं. बाबा रे, तू चोर नाहीस, पण मालकही नाहीस. दहा वर्षं घालवण्याआधी एक पत्र लिही. परवानगी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर खेळाची रीत घे, ती सगळ्यांची आहे. चित्रं, पात्रं, संगीत आणि नाव मात्र तुझं असू दे. आणि उद्या तुझ्या गेमचे हक्क तुझ्याकडे आले, तर पहिल्या पडद्यावर नाटकाच्या पुस्तकासारखा एक पत्ता छाप आणि आलेल्या पत्राला उत्तर दे. नकार द्यायचा असेल तर जरूर दे, पण कारण सांगून दे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.