उजनीच्या पोटातला नकाशा

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावठाणं पाण्याखाली गेली. भारतीय सर्वेक्षण विभागाचा त्याआधीचा, एक इंचाला एक मैल या प्रमाणातला नकाशा मिळाला तर भिगवणच्या आसपास जरूर बघा. आज जिथे जलाशयाचा फुगवटा पसरलाय, तिथे नदीचं नेमकं वळण सापडतं, काठावर जुनं पळसदेव. दुष्काळात पाणी उतरलं की तिथल्या पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, पण देवळाकडे जाणाऱ्या वाटा नकाशातच उरल्यात.

वाचायचं कसं? लाल रंगात घरं, पिवळ्यात लागवड, निळ्यात पाणी. तपकिरी समोच्च रेषा दाटल्या की चढ खडा. उंची फुटांत असेल तर पान जुनं, मीटरमध्ये असेल तर अलीकडचं. ज्या खेड्यात चारही दिशांनी गाडीवाटा येऊन मिळतात, ते एकेकाळी बाजाराचं गाव असावं, असा माझा अंदाज असतो. तो बहुधा खरा निघतो.

बांधाचा वाद मात्र या नकाशावर सुटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयच गाठावं लागतं.