हे कुठे लिहिले आहे?



गेल्या पेसाहच्या सुटीत आमची नात हातात एक कागद घेऊन आली. ती युनिव्हर्सिटीत शिकते. आपल्या मलिद्याच्या विधीवर तिने लेख लिहून एका संशोधन-नियतकालिकाकडे पाठविला होता, तो परत आला होता. लेख वाईट आहे असे कोणी म्हटले नव्हते. संदर्भ अपुरे आहेत, ते आमच्या पद्धतीने लिहून पुन्हा पाठवा, एवढेच म्हटले होते. आम्ही चष्मा लावून पाहिले. एके ठिकाणी "केहिमकरांचे पुस्तक", दुसऱ्या ठिकाणी "जुन्या मासिकातील कात्रण" आणि तिसऱ्या ठिकाणी "आजोबांनी सांगितले" असे लिहिले होते. ते आजोबा म्हणजे आम्हीच, आणि कात्रणही आमच्याच कपाटातले.

त्या निमित्ताने आम्ही हा विषय समजून घेतला. तो फक्त विद्यार्थ्यांचा नाही. आपल्या समाजावर जे लिहिले जाते, त्यातले पुष्कळसे तुमच्या-आमच्या तोंडून आणि कपाटातून जाते.

संदर्भ म्हणजे माहितीचा पत्ता. वाचकाला शंका आली तर त्याने त्या पत्त्यावर जाऊन खात्री करून घ्यावी, यासाठी तो द्यायचा. ही रीत आपल्याला परकी नाही. पिर्के अवोथच्या सहाव्या अध्यायात तोरा मिळविण्याचे अठ्ठेचाळीस मार्ग सांगितले आहेत. ज्याचे बोल त्याच्या नावानेच सांगणे, हा त्यांतला एक. पुरीमला आपण मगिल्ला ऐकतो, तीत एस्तेर राणी राजाला कटाची बातमी देते ती मर्दखयच्या नावाने. ते नाव राजाच्या दप्तरात नोंदले गेले, म्हणूनच पुढे मर्दखयचा सन्मान झाला.

पत्त्यात चार गोष्टी लागतात. कोणी लिहिले, केव्हा, काय आणि कुठे छापले. मासिकातील लेख असेल तर लेखाचे नाव, मासिकाचे नाव, वर्ष, अंक आणि पृष्ठे. नुसते "मराठी हग्गादा" म्हटले तर मुंबईची १८४६ सालची की पुण्याची १८७४ सालची, हे वाचकाने कसे ओळखावे? गाव आणि साल लिहिले की प्रश्न मिटतो.

हा पत्ता बहुधा दोन ठिकाणी येतो. मजकुरात थोडक्यात आणि लेखाच्या शेवटी पूर्ण. एपीए नावाच्या पद्धतीत मजकुरात कंसामध्ये आडनाव व साल देतात. शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर पृष्ठही द्यावे लागते. एमएलए पद्धतीत आडनाव व पृष्ठ देतात. शिकागो पद्धतीत दोन प्रकार आहेत. इतिहासाच्या लेखांत बहुधा त्यांतला तळटिपांचा वापरतात. कोणती पद्धत चांगली, हा वाद आपण घालायचा नाही. प्रत्येक नियतकालिक "लेखकांसाठी सूचना" छापते. त्या आधी वाचाव्या आणि स्वल्पविरामापर्यंत तशाच पाळाव्या. मजकुरातले प्रत्येक नाव शेवटच्या यादीत आहे ना, आणि यादीतले मजकुरात आहे ना, हे बोट ठेवून तपासावे.

आता केहिमकरांकडे येऊ. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तो १८९७ साली. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या संपादनाखाली. तेव्हा केहिमकर हयात नव्हते. नातीने फक्त १९३७ लिहिले होते. नियमाने ते चूक नाही, पण वाचक काय समजेल? केहिमकर "सध्या" म्हणतात ते १९३७ चे सध्या, असे तो धरून चालेल. चाळीस वर्षांचा फरक! एवढ्या काळात चालीरीती बदलतात, माणसे गाव सोडून मुंबईला जातात. म्हणून छापल्याचे साल नियमाप्रमाणे द्यावे आणि लिहिल्याचे साल मजकुरात एका वाक्यात सांगावे.

नावांतही घोटाळे होतात. आपली आडनावे गावांवरून आली, किहीमवरून केहिमकर, तशी. इंग्रजीत त्यांची अक्षरे एकेक जण वेगळी लिहितो. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर जशी छापली असतील तशीच घ्यावी. आणि बेंजामिन जे. इस्रायल या अभ्यासकांचे आडनावच "इस्रायल" आहे, तेव्हा यादीत ते त्या अक्षराखाली येतात, हे ध्यानात ठेवावे.

सालाचेही तसेच. आपल्या घरांतल्या कागदांवर तीन पंचांगे नांदतात. शके असेल तर ७८ मिळवावे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. हिब्रू साल असेल तर ३७६० वजा करावे, पण रोश हशानापासून डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१. संयुक्त राष्ट्रांचा नोव्हेंबर १९४७ चा ठराव आणि मे १९४८ ची राज्यस्थापना, दोन्ही ५७०८ सालीच झाली. म्हणून महिना ठाऊक नसेल तर एकच साल ठोकून देऊ नये, १९४७-४८ असे जोडून लिहावे.

तोंडी माहितीचाही पत्ता असतो. कोणी सांगितले, कोणत्या दिवशी, कुठे. एपीए पद्धतीत ती "व्यक्तिगत संवाद" म्हणून तारखेसह फक्त मजकुरात देतात, शेवटच्या यादीत नाही, कारण वाचकाला ती पुन्हा उघडून पाहता येत नाही. नातीने आम्हाला विचारले, "आजोबा, हे तुम्ही स्वतः पाहिले, की कोणी सांगितले?" आम्ही थोडे थांबलो. खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या ठिकाणी केलेला मलिदा आम्ही स्वतः पाहिला होता. त्यामागची जुनी गोष्ट मात्र आईकडून ऐकलेली. तिने दोन्ही वेगवेगळे लिहिले, आमच्या परवानगीने आमच्या नावासह. आईचेही नाव घातले.

कात्रणाचे मात्र काही करता आले नाही. आम्हीच ते तरुणपणी कात्रीने नीट कापून चिकटवले होते, कडा अगदी सरळ. त्या कडांबरोबर मासिकाचे नाव, तारीख आणि पृष्ठ कचऱ्यात गेले. लेखातला तो परिच्छेद नातीला काढावा लागला. चूक तिची नव्हती.

१९६४ साली आपल्याविषयीचा ठराव क्नेसेटमध्ये झाला, त्याआधीचे दिवस पुष्कळांना आठवत असतील. आपण कोण हे आपल्यालाच सांगावे लागत होते, आणि "आमच्यात असे चालत आले आहे" एवढे म्हणून भागत नव्हते. पुढच्या पिढीवर पुन्हा तशी पाळी येऊ नये, आणि आलीच तर तिच्या हाती पत्ते असावेत.

म्हणून विनंती एवढीच. या शब्बाथनंतर कपाट उघडा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव व साल लिहा. कात्रणावर मासिकाचे नाव आठवत असेल तर लिहा, आठवत नसेल तर अंदाजाने लिहू नका. हग्गादेच्या पहिल्या पानावर ती कोणाकडून आली ते लिहा. आणि नातवंडे विचारायला आली की आधी त्या दिवशीची तारीख सांगा, मग गोष्ट.

नातीने लेख पुन्हा पाठविला आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.