मॅनहोलमध्ये माणसाऐवजी यंत्रमानव

भूमिगत मैलावाहिन्यांची सफाई करताना होणारे मृत्यू रोखण्यासाठी देशातील काही शहरांत यंत्रमानवाचा वापर सुरू झाला आहे. कारखान्यातील यंत्रमानवाकडून उत्पादनाचा वेग वाढवण्याची अपेक्षा असते. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या यंत्रमानवाकडून मात्र एकच अपेक्षा आहे, ती म्हणजे माणसाला आत उतरावे लागू नये.

मैलावाहिन्या आणि मैल्याच्या टाक्यांची सफाई करताना आधीच्या पाच वर्षांत ३४७ जणांचा मृत्यू झाल्याची माहिती केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिली होती. यातील अनेक मृत्यूंचे कारण डोळ्यांना दिसत नाही. साचलेल्या मैल्याचे प्राणवायूविना विघटन होताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि धोक्याची सूचनाच मिळेनाशी होते. मैला ढवळला जाताच त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो. बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला वाचवण्यासाठी उतरणाराही त्याच वायूला बळी पडतो. केरळमधील कोळिकोड येथे २०१५ मध्ये दोन कामगार आणि त्यांच्या मदतीसाठी उतरलेला रिक्षाचालक, अशा तिघांचा याच प्रकारे मृत्यू झाला होता.

या घटनेनंतर केरळमधील तरुण अभियंत्यांनी जेनरोबोटिक्स या कंपनीच्या माध्यमातून ‘बँडीकूट’ हा यंत्रमानव विकसित केला. बँडीकूट म्हणजे घूस. २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे त्याचा वापर सुरू झाला. या यंत्राचा एक भाग मॅनहोलच्या तोंडाशी उभा राहतो, तर दुसरा भाग आत सोडला जातो. आतील भाग आपले पाय पसरून भिंतींना टेकवतो व स्वतःला स्थिर करतो. त्यानंतर यांत्रिक हाताने गाळ, दगड व प्लास्टिक उपसून बादलीत भरले जाते. कॅमेरे आणि वायूची नोंद घेणारे संवेदक आतील स्थिती रस्त्यावरील पडद्यावर दाखवतात. हे यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण सफाई कामगारांनाच देता येते, त्यामुळे त्यांचा रोजगार जात नाही, केवळ कामाची जागा बदलते.

घरे व सोसायट्यांच्या मैल्याच्या टाक्यांचा प्रश्न वेगळा आहे. टाकीच्या तळाशी घट्ट झालेला गाळ केवळ पंपाने खेचता येत नाही आणि म्हणून माणूस उतरवला जातो. मद्रास आयआयटीत विकसित झालेले ‘होमोसेप’ हे यंत्र यावरील उपाय आहे. टाकीत गेल्यावर उलट्या छत्रीप्रमाणे उघडणारी त्याची फिरती पाती गाळ पातळ करतात व नंतर तो शोषून घेतला जातो. २०२२ मध्ये तामिळनाडूत त्याचा वापर सुरू झाला.

सुरक्षा साधनांविना अशा सफाईसाठी माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख रुपये करण्यात आली. यंत्रसामग्री व प्रशिक्षणासाठी केंद्राची ‘नमस्ते’ योजनाही त्याच वर्षी सुरू झाली.

तथापि, यंत्र खरेदी केल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही. चिंचोळ्या गल्लीत यंत्र नेणे कठीण असते आणि खासगी टाकीसाठी कमी मजुरीत माणूस सहज उपलब्ध होतो. टाकी तुंबल्यावर यंत्र वेळेत आणि परवडणाऱ्या दरात मिळाले, तरच माणसाला आत उतरवण्याची प्रथा बंद होऊ शकेल.